झोपलीय, त्रास नाही

डॉ. लोवेल हॉस्टेटलर कंपनीत आला होता एका महिन्यासाठी आणि राहिला बावीस वर्षं. इंडियानातल्या मिल्टन क्रीकमध्ये माणूस एक तर जन्माला येतो नाही तर रस्ता चुकून येतो, असं गावातलेच लोक म्हणतात. लोवेल दोन्हींत बसत नव्हता. शहरातल्या विषबाधा केंद्रात तो विषतज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेत होता. अशा डॉक्टरांना फेलो म्हणतात, आणि शिक्षणाचा भाग म्हणून त्यांना महिनाभर एखाद्या औषध कंपनीत काढावा लागतो. खाटेपाशी उभं राहून जे दिसत नाही ते गोळी बनवणाऱ्यांच्या बाजूने बघावं, असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात पोरं हा महिना मामाच्या घरच्या सुट्टीसारखा काढतात, कारण कंपनीत कॉफी चांगली असते आणि शनिवार-रविवारी कुणी बोलावत नाही. लोवेलचा महिना संपला त्या दिवशी त्याने विचारलं, इथे एखादी जागा रिकामी आहे का. होती.

तीन वर्षांनंतर केंद्राकडून दर ऑक्टोबरला जो फेलो येई, त्याचं पालकत्व आपोआप लोवेलकडे आलं. पहिल्या दिवशी तो त्याला चौकातल्या हॉटेलात नेई आणि तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच खिलवी. त्यात पावाच्या चारी बाजूंनी मांस बाहेर लोंबतं आणि पाव नुसता धरायला असतो. नंतर पर्सिमॉन नावाच्या रानफळाचं पुडिंग. मग पहिला आठवडा कागद वाचण्यात, दुसरा कारखान्यात, तिसरा सभांमध्ये, आणि चौथ्या आठवड्यात परीक्षा. परीक्षा म्हणजे एक जुनी फाइल. ती एकट्याने वाचायची, एका कागदावर आपला निवाडा लिहायचा आणि लोवेलच्या टेबलावर ठेवायचा. फाइल दरवर्षी तीच. एकोणीस फेलोंनी ती वाचली होती.

लोवेल चांगला होता, यात वाद नव्हता. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाचं श्रेय लाटलं नाही. मेनोनाइट पंथाच्या चर्चच्या गायनात खालच्या पट्टीत उभा राही. लग्न केलं नाही. एक बाई दोन वर्षं त्याच्याबरोबर फिरली आणि मग सोडून गेली. ती जाताना म्हणाली होती की तुझ्याशी भांडताच येत नाही, भिंतीवर चेंडू मारावा तर तो परत तरी येतो. लोवेलला तिचं म्हणणं पटलं, आणि पटलं एवढंच. दाढ काढायला इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो. त्याचं सगळं अंग बावीस वर्षं तसं होतं. दुखत नव्हतं. आई गेली तेव्हाही फार दुखलं नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटायला हवं हे त्याला कळत होतं.

आता त्या फाइलीबद्दल. ती त्याची स्वतःची होती, हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं.

सत्त्याण्णव सालचा सप्टेंबर. लोवेल तेव्हा केंद्रात फोनवर बसे. ते काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. रुग्ण दिसत नाही, त्याची नाडी हाती लागत नाही, समोर असतो फक्त घाबरलेल्या माणसाचा आवाज. सकाळी अकराच्या सुमाराला ल्युएला व्हर्ली नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांची अडीच वर्षांची नात ट्रिना आजीच्या गोळ्यांच्या डबीशी खेळत होती. आठवड्याच्या सात खणांची प्लास्टिकची डबी. गोळ्या रक्तातली साखर उतरवणाऱ्या, याच कंपनीच्या. एक गोळी कमी होती, बहुधा चुलीखाली घरंगळली असेल, असं आजी म्हणाली. त्या काळी अशा मुलाला घरी ठेवून लक्ष ठेवायची मुभा होती. लोवेलने सांगितलं, गोड खायला द्या, मी परत फोन करतो. आजीने पॅनकेक केले, त्यांवर पाक ओतला.

दोन पस्तीसला त्याने कबूल केल्याप्रमाणे फोन केला. आजी म्हणाली, झोपलीय, खेळून दमली बिचारी. लोवेलने विचारलं, काही त्रास? आजी म्हणाली, छे, गाढ झोपलीय. तिकडे दुसरा फोन वाजत होता. बरं, झोपू द्या, असं म्हणून त्याने नोंद केली: ‘मूल झोपले आहे. त्रास नाही. केस बंद.’

पाच वाजता ट्रिनाची आई कामाची पाळी संपवून घरी आली, तेव्हा ती मुलीला उठवू शकली नाही. त्या गोळीने साखर अशी उतरते की मूल कण्हत नाही, ओकत नाही, नुसतं झोपतं. हे लोवेलला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर त्याने कारणासकट लिहिलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाने केंद्राला कळवलं आणि चौथ्या दिवशी मूल गेलं. केंद्राच्या प्रमुख डॉ. थिओडोरा व्हिटकॉम यांनी त्याला बोलावून दार लावून घेतलं. म्हणाल्या, तुझा कंपनीतला महिना मार्चमध्ये आहे ना, तो आत्ताच घे. त्यांनी एक शब्दही वावगा काढला नाही. त्यानंतर लोवेल केंद्रात परत गेला नाही, उरलेलं शिक्षणही त्याने पुरं केलं नाही.

कंपनीचं औषध होतं, म्हणून कंपनीतही फाइल उघडली गेली. केंद्राने पाठवलेल्या फोन-नोंदीच्या दोन पानांत सगळी नावं काळ्या शाईने खोडलेली होती. फोन कुणी केला, कुणी घेतला, काही कळत नव्हतं. कंपनीने आजीला एक फॉर्म पाठवला होता. तोही फाइलीत होता, तिच्या तिरप्या अक्षरात. ‘दुसरे काही कारण?’ या ओळीपुढे तिने लिहिलं होतं: मीच गोळ्या बाटलीतून काढून डबीत ठेवल्या होत्या. बाटलीचं झाकण मुलांना उघडत नाही, डबीचं उघडतं. फोनवरचे डॉक्टर फार चांगले होते.

हा फॉर्म लोवेलने नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात वाचला. आजी गावापासून चाळीस मैलांवर राहत होती. तो एकदा तिच्या रस्त्यापर्यंत गेला आणि वळून आला. दोन हजार अकरा साली ती वारली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. म्हणजे चौदा वर्षं ती बाई डबीला आणि स्वतःला दोष देत जगली, आणि लोवेल चौदा वर्षं दर रविवारी गात राहिला. तो भित्रा होता. आपल्या मितभाषीपणाला लोक सभ्यपणा म्हणतात हे त्याला माहीत होतं, आणि त्याने कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

फेलोंना तो ही फाइल का देई? तो म्हणे, शिकायला चांगली आहे. खरं कारण एवढंच की कुणीतरी ‘मूल झोपले आहे’ हे वाक्य पकडावं. कुणीतरी येऊन म्हणावं, हा फोनवरचा डॉक्टर कोण? मूल झोपलंय म्हटल्यावर त्याने उठवायला का नाही सांगितलं? स्वतः बोलायची हिंमत नव्हती, पण विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, एवढं त्याने ठरवून ठेवलं होतं. पण एकोणीस जणांनी आपल्या कागदावर त्याच ‘दुसरे काही कारण?’ या प्रश्नापुढे कमीअधिक एकच लिहिलं: गोळ्या मूळ बाटलीऐवजी डबीत ठेवल्या होत्या. पहिल्या तीन-चार वेळी त्याला आश्चर्य वाटलं. इतकी हुशार पोरं, आणि एकालाही दिसू नये? मग आश्चर्यही थांबलं. कागद तो टेबलाच्या खालच्या खणात ठेवी.

या वर्षी कंपनी विकली गेली. औषध-सुरक्षा विभाग, म्हणजे लोवेलचा विभाग, न्यू जर्सीला जाणार, केंद्राशी असलेला करार संपणार, आणि लोवेल डिसेंबरअखेर घरी बसणार असं ठरलं. ऑक्टोबरला आलेली फेलो शेवटची. तिने नाही पकडलं तर आता कुणी पकडणार नव्हतं. फाइल खोक्यात जाणार, आणि त्या फाइलीत ल्युएला व्हर्ली कायमची दोषी राहणार.

फेलोचं नाव रेनाटा साबो. साउथ बेंडची, हंगेरियन घरातली, बाप गॅरेजवाला. सँडविच बघून ती म्हणाली की हे खाल्ल्यावर मला पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवा. कारखान्यात तिने फोरमनला इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, हिला आमच्याकडेच ठेवा नाही तर लवकर न्या. दप्तर सांभाळणारी ट्रूडी तीस वर्षं कंपनीत होती आणि फेलोंना पाहुण्या मांजरांसारखं वागवी, खायला घालायचं पण जीव लावायचा नाही. तिनेही या पोरीसाठी घरून ॲपल पाय भाजून आणली. लोवेलला रेनाटा बरी वाटली. निदान तसं वाटायला हवं असं त्याला वाटलं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, त्याने तिला फाइल दिली. ती घेताना रेनाटाचा चेहरा जरासा बदलला. बुधवारी दुपारी जेवणानंतर तिने कागद आणून टेबलावर ठेवला, पण नेहमीचे फेलो ठेवून जात तशी ती गेली नाही. दार लावून समोर बसली.

लोवेलने कागद वाचला. ‘दुसरे काही कारण?’ पुढे तिने लिहिलं होतं: दोन पस्तीसच्या फोनवर मूल झोपल्याचे सांगितले गेले. फोन करणाऱ्याने मुलाला उठवायला सांगितले नाही. तेव्हा उठवले असते तर मूल वाचण्याची दाट शक्यता होती. डबीमुळे गोळी पोटात गेली; मृत्यू डबीमुळे झाला नाही.

बावीस वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. वाक्य आलं आणि काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी झाडाची पानं फुंकायचं यंत्र चालवत होतं. त्याने कागद पुन्हा वाचला आणि ठरवलेला प्रश्न स्वतःच विचारला.

“आणि हा फोनवरचा डॉक्टर कोण, असं नाही वाटलं तुला?”

“मला माहितीये तो कोण,” रेनाटा म्हणाली. “तुम्ही.”

लोवेलने कागद टेबलावर ठेवला.

मग तिने सांगितलं. केंद्रात जुना फेलो नव्याला एक कागद देऊन जातो. कंपनीच्या महिन्यात गाडी कुठे लावायची, कारखान्यात कोणते बूट घालायचे, ट्रूडीची ॲपल पाय नाकारायची नाही, असलं सगळं त्यात असतं. शेवटची ओळ ही: चौथ्या आठवड्यात फाइल मिळेल. ती त्याची स्वतःची केस आहे. डबी लिही, बाकी काही बोलू नकोस. पहिल्या फेलोने फाइल हाती येताच केंद्रात फोन केला, तेव्हा ही ओळ थिओडोराबाईंनी सांगितली होती. त्या निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेल्या, कागद मात्र हातोहात पुढे येत राहिला.

“सगळ्या फेलोंना माहीत होतं?” लोवेलने विचारलं.

“सगळ्यांना.”

“ओर्टेगाला? बेकर्सला?”

“सगळ्यांना म्हटलं ना, डॉक्टर. तुम्ही त्यांना जेवू घालत होतात, आणि ते तुमच्यावर पांघरूण घालत होते.”

एकोणीस जणांनी मिठाची गुळणी धरली होती. त्याने खालचा खण उघडला. कागद वर्षांच्या क्रमाने लावलेले होते. डबी, डबी, साप्ताहिक डबी, बाटलीऐवजी डबी. त्याला वाटत होतं ही आंधळी पोरं आहेत. ती दयाळू पोरं होती. आणि प्रत्येकाने दया त्याला दिली होती ती त्या बाईच्या नावावर टाकून. लोवेलला लाज वाटली. फार नाही, सुन्न गालात पहिली मुंगी यावी इतकीच, पण ती लाजच होती. त्याला ती आवडली नाही.

“मग तू का नाही डबी लिहिलंस?” त्याने विचारलं.

रेनाटाने खांदे उडवले. म्हणाली, त्या फॉर्मबद्दल तिने आधी ऐकलं होतं, पण तो पाहिला नव्हता. काल पाहिला. फोनवरचे डॉक्टर फार चांगले होते, हे त्या बाईच्या अक्षरात वाचल्यावर तिला डबी लिहिता येईना. तिचीही आजी असेच खण भरते, दर रविवारी, टीव्हीसमोर बसून.

“तुम्हाला आणखी एक माहीत नसेल,” ती म्हणाली. “आमच्याकडे पहिल्या दिवशी फोनवर बसायच्या आधी एक वाक्य घोकून घेतात. मोठ्याने म्हणायचं, सगळ्यांसमोर. डॉक्टर, नर्स, कुणी असो. अठ्ठ्याण्णवपासून.”

“कोणतं?”

“तुमच्यामुळेच आलंय ते.”

“कोणतं वाक्य, रेनाटा?”

तिने जरा मान खाली घातली, आणि फोनवर बोलतात तशा सपाट, घाई नसलेल्या आवाजात म्हणाली, “तिला उठवा. पूर्ण जागी करा, बसवा, माझ्याशी बोलायला लावा. मी फोन धरून आहे.”

लोवेल खिडकीकडे बघत होता. एवढं छोटं वाक्य. बारा सेकंदांचं असेल. त्याने मनात मोजलं नाही, पण तेवढंच असेल.

थोड्या वेळाने तो उठला. रेनाटाला वाटलं तो घरी जाणार. तो दप्तराच्या खोलीकडे गेला, म्हणून तीही मागून गेली. ट्रूडी खोकी भरत होती. लोवेलने त्या फाइलीचा क्रमांक सांगितला आणि म्हणाला, हिच्यात नवी माहिती आलीय, फाइल उघड. अशा फाइली कधी कायमच्या बंद होत नाहीत; चाळीस वर्षांनी काही कळलं तरी जोडावं लागतं, आणि ज्या कर्मचाऱ्याला कळलं त्याने ते एका दिवसात कळवायचं असतं, असा दंडक आहे. ट्रूडी कुरकुरली. खोकं चिकटपट्टीने बंद झालं होतं, वर न्यू जर्सीचा पत्ता लागला होता. तरी तिने पट्टी कापली, संगणकापुढे बसली आणि ओळी वाचून विचारू लागली.

माहिती देणाऱ्याचं नाव? लोवेलने आपलं पूर्ण नाव सांगितलं. ट्रूडीने चष्म्यावरून पाहिलं, टाइप केलं.

माहिती प्रथम कधी कळली?

“चोवीस सप्टेंबर, एकोणीसशे सत्त्याण्णव.”

ट्रूडीची बोटं थांबली. “दोन हजार एकोणीस म्हणायचंय ना तुला?”

“नाही.”

तिने रेनाटाकडे पाहिलं, मग लोवेलकडे. ती मूर्ख बाई नव्हती. खोडलेल्या काळ्या पट्ट्यांची ती दोन पानं तिनेच तेव्हा फाइलीत लावली होती. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

“लोवेल, तेव्हा तू इथे नोकरीलाच नव्हतास. तुला एका दिवसाचा दंडक लागूच होत नाही. मी आजची तारीख घालते. कुणी विचारणारसुद्धा नाही.”

आणखी एक पांघरूण. तेही किती चटकन, किती मायेने. याच गावात, याच लोकांत तो बावीस वर्षं उबेत राहिला होता.

“तीच तारीख घाल, ट्रूडी,” तो म्हणाला.

तिने घातली. ‘दुसरे काही कारण?’ या ओळीवर कर्सर लुकलुकत होता. आधीच्या नोंदीत तिथे आजीचं वाक्य होतं, जसंच्या तसं. ट्रूडीने विचारलं, हे काढू का? लोवेल म्हणाला, नको, ते तिचं आहे, त्याच्याखाली लिही. मग तो सांगू लागला आणि ट्रूडी टाइप करत गेली. वेळ, फोन, झोपलीय हा शब्द, दुसरा वाजणारा फोन, सगळं. त्याचा आवाज सबंध वेळ सभेत अहवाल वाचावा तसा होता. एकदाच तो अडला, तेव्हा ट्रूडी न बघता थांबून राहिली.

“ल्युएला व्हर्ली फोन कानाशी धरून उभी होती,” तो म्हणाला. “मी सांगितलं असतं तर तिने उठवलं असतं. एवढं लिही, आणि तिचं नाव खोडू नकोस.”

“नावं खोडावी लागतात, लोवेल. नियम आहे.”

“मग माझं राहू दे.”

ट्रूडीने आजीचं नाव पुसून तिथे ‘मुलाची आजी’ असं टाइप केलं. लोवेलचं नाव तसंच ठेवलं आणि नोंद पाठवून दिली.